विहारापुढून जाताना

चौल,
५ जानेवारी २०२५

हिरामण, जयभीम.

तुझं डिसेंबरचं पत्र पोचलं. तुमच्या तळावर फोनला रेंज नाही हे आता अंगवळणी पडलं आहे. पंधरवड्यातून एकदा तू खालच्या गावात उतरतोस, आधी आईशी बोलतोस, मग बहिणीशी, यशूशी, आणि माझी पाळी येते तेव्हा मागे कोणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवत असतो. त्यापेक्षा पत्र बरं. चौथीत एका बाकावर बसून आपण जेवढं बोलायचो, तेवढं तरी होतं.

तुझ्या आईचं, मनुकाकीचं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. उजवा डोळा पावसाळ्याआधी करू. त्या डोळ्याने तिला अजून धूसरच दिसतं. पण तिला डोळ्यांचं फारसं अडत नाही, वाडीतून ती कानांवर चालते. सायकल कोणाची, चप्पल कोणाची, ती मान न वळवता सांगते.

आता गाडीचं. तू रस्ते बांधणाऱ्यांच्या वर्कशॉपातला माणूस, म्हणून सविस्तर लिहितो. मी जुनी हायब्रिड गाडी घेतली. मोठी आहे, उंच आहे, आपल्या बोळात मावते एवढंच. पुण्याच्या एका डॉक्टरांनी तीन वर्षं वापरलेली. पेट्रोलचं इंजिन आहे आणि मागच्या सीटखाली बॅटरी. हळू चाललो की इंजिन बंद, गाडी नुसती बॅटरीवर. लिटरला बावीस किलोमीटर देते. कार्ले खिंड उतरताना ब्रेक लावला की समोरच्या पडद्यावर बाण उलटे फिरतात, चाकाकडून बॅटरीकडे. थांबताना जे फुकट जायचं ते ही साठवते. मला हे फार आवडलं. ड्युटीवरून येताना खिंडीत मी मुद्दाम सावकाश उतरतो.

एकच अडचण. वंदना चालू असताना विहारापुढून इंजिन चालू ठेवून जायचं नाही ही आपली शिस्त अजून टिकून आहे. पोरं मोटारसायकलवरून उतरतात आणि ढकलत नेतात. रात्रपाळी असली की माझ्याऐवजी वंदना दुसरं कोणी सांगतं आणि मला आठच्या पाळीसाठी संध्याकाळी सातला निघावं लागतं, नेमकी वंदनेची वेळ. बोळात गाडी वळत नाही, म्हणून घरापासून रस्त्यापर्यंत मागेच घ्यावी लागते. इंजिन बंद असतं ते ठीक, पण हळू चालताना गाडी बाहेर एक बारीक गुणगुण करते. चालणाऱ्यांना कळावं म्हणून कंपनीनेच बसवलेला भोंगा आहे. मागे घेताना तर जरा मोठ्यानेच. आत सगळे हात जोडून बसलेले आणि माझी गाडी गुणगुणत जाते. मला ओशाळल्यासारखं होतं. तो आवाज बंद करता येईल का?

तुझा
रत्नपाल

*

तळ, अरुणाचल
२१ जानेवारी २०२५

रत्नपालशेठ, जयभीम.

पेट्रोलही पाहिजे आणि बॅटरीही पाहिजे. एका घरात दोन सुना आणल्यास. आज गोड बोलतायत, एक दिवस दोघी मिळून तुला बाहेर काढतील. इथे आमच्या डंपरला थंडीत सकाळी चालू करायचं म्हणजे खाली शेगडी ठेवावी लागते. आणि तू पडद्यावरचे बाण बघत खिंड उतरतोस. मजा आहे बाबा.

आवाजाचं काम सोपं आहे. मी त्या जातीची गाडी उघडली नाही, पण एक साहेब तसली घेऊन आले होते, तेव्हा खाली वाकून बघितली. मागच्या बंपरच्या आत, डाव्या बाजूला डबीएवढा स्पीकर असतो. त्याला एकच कनेक्टर. खटका दाबायचा, ओढायचा, वर टेप गुंडाळायची. पुढेही तसाच एक असेल. एखादा दिवा लागला तर लागू दे, गाडी काही अडणार नाही. गॅरेजला जायचीही गरज नाही. तुझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला दहा मिनिटांचं काम.

आईकडे बघत जा. माझी बायको असती तर ती आईजवळ राहिली असती. ती गेल्यापासून तूच आहेस. हे मी तोंडाने कधी बोलणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

हिरामण

*

चौल,
९ फेब्रुवारी २०२५

हिरामण, जयभीम.

गुरुवारी संध्याकाळी काकी विहाराजवळ पडली. घाबरू नकोस. उजवा हात मनगटात मोडला आहे आणि कमरेला मुका मार आहे. मी तिथेच होतो. लगेच गाडीत घालून अलिबागला नेलं. रात्रीच प्लास्टर झालं. डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली. मी सांगितलं, चालताना. यशोधरा दुसऱ्या दिवशी खारघरहून आली आणि चार दिवस राहणार आहे.

काकी बोलते, जेवते. तुला फोनवर सांगेलच. पैशांचं काही मनात आणू नकोस, तो विषय काढलास तर मी बोलणार नाही.

बाकी काही विशेष नाही.

रत्नपाल

*

तळ,
२३ फेब्रुवारी २०२५

रत्नपाल,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी खाली उतरलो आणि आईशी बोललो. तू होतास म्हणून निभावलं. यशू म्हणाली, दादांनी उचलून गाडीत ठेवलं, रात्रभर बाकावर बसून राहिले, ड्युटीही बुडवली. सख्खा भाऊ असता तर एवढंच केलं असतं. आणखी काय लिहू.

पण आई काहीतरी वेगळंच सांगते. म्हणते, मी पडले न्हाय, मला ढकललं. मी म्हटलं, कोणी? म्हणते, "त्येच तर. मागून मऊ कायतरी पाठीला लागलं नि मी तोंडावर गेले. आवाज न्हाय, पावलं न्हाय. वंदना चालली व्हती, मी सगलं आयकत व्हते." मी जरा हसलो तर चिडली. म्हणाली, "तुज्या आज्यानं देव खाडीत सोडले तवा मी आट वर्सांची व्हते. तवापासून भुताबितावर आपला इस्वास न्हाय. मग ढकललं कोनी, त्ये सांग."

तू तिथे होतास. तुला काही दिसलं का? चक्कर आली असेल का?

आणि गाडी कशी आहे? तो कनेक्टर निघाला का शेवटी? लिही.

हिरामण

*

चौल,
९ मार्च २०२५

हिरामण, जयभीम.

पत्राला उशीर झाला. पाळ्या बदलल्या होत्या.

काकीचा हात जुळतो आहे. पण तिने विहारात येणं सोडलं. संध्याकाळी ओट्यावरसुद्धा बसत नाही. कोणी मागून आलं की दचकते आणि भिंतीला हात लावून उभी राहते. शेजारच्या बाया येऊन तिला विचारतात, मनुबाई, आज कोनी ढकललं का गो. त्या थट्टेने विचारतात. ती पहिल्यांदा भांडायची. आता नुसती बघते.

यशोधराने तिला पनवेलच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. काकी आयुष्यात शाळेत गेली नाही, ती कुठून वजा करणार. डॉक्टर म्हणाले, या वयात असे भास होतात, एकटं ठेवू नका. यशोधरा तिला खारघरला न्यायचं म्हणते आहे, घर बंद करून. काकी म्हणते, मला माझ्या घरातून काढू नका. पण हेही हळूच म्हणते.

त्या दिवशी नीट दिसण्याएवढा उजेड नव्हता. चक्कर आली होती का ते मला सांगता येणार नाही.

गाडी चांगली आहे.

रत्नपाल

*

तळ,
२३ मार्च २०२५

रत्नपाल,

यशूशी बोललो. तिचं बरोबर वाटतं. आईला एकटीला तिथे ठेवून मी इथे दरडी उपसत बसायचं हे किती दिवस चालणार. जयंतीसाठी यशू १३ तारखेला येईल आणि १५ ला आईला घेऊन जाईल. किल्ली तुझ्याकडे ठेवायला सांगितलंय.

आई ऐकत नाही. फोनवर मला म्हणाली, "हिरू, माजं डोस्कं गेलंय काय रं?" मी रेंज गेली असं केलं. लाज वाटते लिहायला.

म्हणून तुला एक काम सांगतो. तिला तू समजाव. तुझं ती ऐकेल, तू विहारात वंदना सांगणारा माणूस, खोटं बोलत नाहीस हे तिला माहीत आहे. तिला सांग की मी तिथेच होतो, मागे कोणी नव्हतं, वयानं असं होतं. तुझ्या तोंडून ऐकलं की तिची समजूत पटेल आणि ती निमूट जाईल.

एवढं कर.

हिरामण

*

तळ,
६ एप्रिल २०२५

रत्नपाल,

तुझं उत्तर आलं नाही. कदाचित वाटेत असेल. तरी लिहितोय.

आज खाली गावात चहाच्या टपरीसमोर उभा होतो. कुठल्या तरी खात्याचे साहेब आले होते. त्यांची गाडी माझ्या पाठीशी येऊन टेकली तरी मला पत्ता नाही. ड्रायव्हरने काच खाली करून हाक मारली तेव्हा मी उडालो. तीस वर्षं इंजिनं ऐकणारा माणूस मी, आणि मला मागून आलेली गाडी ऐकू आली नाही. तसलीच होती, तुझ्यासारखी. टपरीवाला हसला. मी पण हसलो. मग चहा हातातच राहिला.

रत्नपाल, तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. जानेवारीत तू गाडीवर दोन पानं लिहिलीस. ९ फेब्रुवारीला एक ओळ. मार्चमध्ये तीन शब्द. कनेक्टर निघाला का हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस.

मी काही म्हणत नाही. फक्त विचारतो. सातच्या सुमाराला, वंदनेच्या वेळी, बोळातून मागे येणारं दुसरं काय असतं?

एका शब्दात लिहिलंस तरी चालेल. पण १५ तारखेच्या आत आईला कळलं पाहिजे, आणि माझं पत्र त्याच्या आत तुला मिळणार नाही, हे मला माहीत आहे. उद्यापासून दहा दिवस रस्ता बंद. फोनही नाही.

हिरामण

*

चौल,
१५ एप्रिल २०२५

हिरामण,

तुझं २३ मार्चचं पत्र मला ४ तारखेला मिळालं. त्यानंतर तू काही लिहिलं असलंस तर अजून हातात आलेलं नाही. हे पत्र उत्तर म्हणून वाचू नकोस.

काकीला मी पाडलं. माझ्या गाडीने.

जसं झालं तसं लिहितो. त्याच्या चार दिवस आधी मी दोन्ही आवाज बंद केले होते. सहा फेब्रुवारीला संध्याकाळी सातला गाडी मागे घेत निघालो. आत वंदना चालू होती. गाडीचा जराही आवाज नव्हता आणि मला त्याचं समाधान वाटत होतं, अभिमानच म्हण. बोळाच्या दोन्ही भिंती जवळ असल्यामुळे काही जवळ आलं की गाडीच्या आत वाजणारा इशारा कायम वाजत असतो, त्याकडे मी लक्ष देईनासा झालो होतो. मागचं दाखवणारा पडदा समोर होता. त्यात ती दिसली असणार. मी डाव्या आरशात विहाराची पायरी बघत होतो, दार घासू नये म्हणून. काकी उशीर झाला म्हणून बोळाच्या मधून चालली होती. वंदनेच्या वेळी इथे चालू गाडी नसते हे तिला माहीत होतं. आपल्याच शिस्तीवर भरवसा ठेवून ती चालली होती.

मी उतरलो तेव्हा ती पालथी होती. म्हणाली, "रत्ना, बरं आलास." त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी तिला उचललं. दवाखान्यात खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दोन्ही कनेक्टर परत जोडले. हे मी कोणासाठी केलं ते तुला कळेल. तेव्हापासून गाडी वंदनेच्या वेळी गुणगुणत जाते आणि कोणी एक शब्द बोललेलं नाही. आधीही कोणी बोललं नव्हतं. ओशाळत होतो तो मीच.

रात्रपाळी नसते तेव्हा संध्याकाळी पंचशील सांगताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. सगळे माझ्यामागून म्हणतात. दोन महिने मी ते तोंडाने पुढे ढकलत होतो. त्यात तुझं पत्र आलं, की तिला सांग, मागे कोणी नव्हतं. तीन दिवस ते खिशात घेऊन हिंडलो. सात तारखेला काकीकडे गेलो.

ती डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "काकी, तुला कोणी ढकललं ते मला माहीत आहे."

"कोनी?"

"मी. गाडी मागे घेताना."

तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाली, "म्हंजे व्हतं कायतरी."

"होतं."

"मऊ लागलं पाठीला. व्हय ना?"

"होय."

"रोज सकाली उटले की मी वाडीतल्या घरांची नावं घेते, ह्या टोकापासून त्या टोकापरत. एक जरी इसरले तर समजायचं, गेलं डोस्कं. काल तुजं घर इसरले व्हते. दुपारपरत जेवले न्हाय." तिने सूप बाजूला ठेवलं. "तू रोज दारावरून जात व्हतास, रत्ना. इचारत व्हतास, काकी, बरी हायेस ना."

मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय आत ओढून घेतले.

"मला एकटीला सांगून काय? मी सगल्या वाडीत येडी ठरले. जयंतीला सगली असतील. तितं सांग. आनि यशूला आदी नको सांगूस. तिला बी सगल्यांबरोबर कलू दे."

सात दिवस होते मधे. ते कसे काढले ते लिहीत नाही. यशोधरा १३ ला आली. रात्री काकीची पिशवी भरायचं काम चाललं होतं, तेव्हा मी ओट्यापर्यंत जाऊन परत फिरलो.

काल सकाळी विहारात पाऊणशे माणूस होतं. वंदना मीच सांगितली. चौथ्या शीलापाशी थांबलो आणि म्हटलं, हे मी पुढे म्हणू शकत नाही, आधी ऐका. मग सगळं सांगितलं, आता तुला लिहिलं तसंच. मागून पोरांमधला मितेश म्हणाला, "काका, पण गाडीला तर आवाज हाय." मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी पहाटे जोडला. तोपर्यंत लोकांच्या चेहऱ्यावर अपघात होता. त्यानंतर नव्हता.

यशोधरा उठून उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "दादा, काल रात्री तिने रडत रडत पिशवी भरली. तुम्ही ओट्याशी उभे होतात. मला दिसलात." मी म्हटलं, तू सांगशील तर आत्ता पोलीस ठाण्यात येऊन जबाब देतो. ती पुन्हा खाली बसली.

तेवढ्यात काकी शेजारच्या बायांकडे वळून म्हणाली, "आता इचारा कोनी ढकललं ते." सगळ्या खाली बघत होत्या. मग ती मला म्हणाली, "थांबलास कशाला? पुरं कर. पाच शीलं अर्धी ठेवतात काय?" मी पूर्ण केलं. ती सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती.

आज सकाळी यशोधरा एकटी गेली. काकीची पिशवी रिकामी करून तिने कपडे परत ट्रंकेत लावले आणि माझ्या दारावरून न थांबता गेली. तुझ्या वहिनीने मला कालपासून दोनदा जेवायला वाढलं, बोलली नाही. वंदना आता सुजित सांगेल, मी समितीला तसं कळवलं आहे.

काकी घरात आहे. आज संध्याकाळी ती विहारात आली होती, भिंतीला हात न लावता.

तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकायला आहे.

रत्नपाल

*

तळ,
२८ एप्रिल २०२५

रत्नपाल,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं ६ तारखेचं आता तुला मिळालं असेल. मला कळलं होतं, आणि कळूनही तुझं पत्र चार वेळा वाचावं लागलं. हे स्पीड पोस्टाने टाकतोय. फोन करू शकलो असतो. केला नाही.

आधी माझं सांगतो. बंपरच्या आत, डाव्या बाजूला, खटका दाबायचा, ओढायचा. हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात. कशासाठी तो आवाज बसवलाय हे तू मला सांगितलं होतंस, तरी लिहिलं. माझी आई त्या बोळात कानांवर चालते हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. तू पूर्ण पत्रात माझं नाव कुठे घेतलं नाहीस. ते मी पाहिलं. यशूलाही मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग आता दोघांवर चिडते.

धडक बसली त्याचा मला राग नाही, तो कोणाच्याही हातून होईल. दोन महिने तू तिला वेडी ठरू दिलंस त्याचा आहे. आणि ती मला विचारत होती तेव्हा मी रेंज गेली असं केलं, त्याचाही आहे. हा राग किती दिवस राहील मला माहीत नाही. उगाच नाही म्हणणार नाही.

रजा मंजूर झाली. महिनाभर आहे. आईचा उजवा डोळा त्यातच करून घेतो. मुंबईला पोचलो की भाऊच्या धक्क्यावरून ११ तारखेला दुपारच्या लाँचने रेवसला उतरेन. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा.

रेवसला मला न्यायला यायचं की नाही हे मी ठरवलं नाही, तू पण ठरवायचं नाही. आईला काल फोनवर विचारलं. म्हटलं, त्याच्या गाडीत बसशील का, का मी आपला एसटीने येऊ? ती म्हणाली, "येस्टीनं कशाला. मी येते त्याच्यासंगं." मग मला वाटलं खरंच रेंज गेली. तर म्हणाली, "मागं न्हाय बसनार पन. पुडं बसीन. रत्ना कुटं बगून गाडी चालवतो त्ये मला बगायचंय."

हिरामण